‘सौजन्य : इंटरनेट’ थांबवा, छायाचित्रकाराचं नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाचं पत्र वाचलं. सोलापूरविषयीच्या विकिपीडिया लेखांत त्यांनी टाकलेले फोटो काढून टाकले गेले, हा आपल्या गावावर अन्याय आहे, असा त्यांचा सूर होता. साखर पेठेत वडिलांपासून चालत आलेला फोटो स्टुडिओ मी चालवतो आणि सवड मिळेल तसे माझे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या लेखांना फोटो पुरवणाऱ्या मुक्त साठ्यावर, चढवतो. त्यामुळे त्यांची तळमळ मला कळते. तरीही ते फोटो काढले गेले हे योग्यच झालं, असं मला वाटतं. ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते, असं त्यांनीच लिहिलं आहे. मग भल्या पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी ट्रायपॉड लावून ज्यानं तो फोटो काढला, त्याला कुणी विचारलं का?

फोटो चढवताना कॉमन्सवर पहिलाच प्रश्न येतो : हे तुमचं स्वतःचं काम आहे का? फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोपुढे ‘होय’ म्हटलं की तिथंच खोटं बोलणं झालं. तिथले स्वयंसेवक मग फाइल तपासतात. कॅमेऱ्याची माहिती पुसलेली, आकार लहान, तोच फोटो आधी दुसरीकडे छापलेला, असं काही दिसलं की परवानगी मागतात आणि साधारण आठवडाभर वाट पाहून फाइल हटवतात. शंका असेल तर फोटो ठेवायचा नाही, हा तिथला ठाम नियम आहे.

इतका कडकपणा का, याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. कॉमन्स २००४ च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि आज तिथं दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. त्यातला कुठलाही फोटो कुणीही, न विचारता, पाठ्यपुस्तकात, पोस्टरवर, अगदी विकायच्या कॅलेंडरवरसुद्धा छापू शकतो, या भरवशावर हा सगळा संसार उभा आहे. म्हणूनच ‘फक्त विना-नफा वापरासाठी’ किंवा ‘बदल करू नये’ अशी अट असलेले फोटो तिथं चालत नाहीत. चालतात ते क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं तयार केलेले ‘बाय’ किंवा ‘बाय-एसए’ असे परवाने. पहिल्याची मुख्य अट ही, की छायाचित्रकाराचं नाव द्या. दुसऱ्यात आणखी एक, की बदल करून पुढे द्याल तर त्याच परवान्यावर द्या. इंग्रजी विकिपीडियावर पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा एखादं बोधचिन्ह मर्यादित आकारात, कारण देऊन ठेवता येतं. कॉमन्सवर तेही नाही.

सरकारी संकेतस्थळावरचा फोटो म्हणजे जनतेचाच, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कामाला कॉपीराइट नसतो, म्हणून नासाचे फोटो सगळीकडे दिसतात. आपल्याकडे सरकारी कामाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. २०१७ साली केंद्रानं खुल्या माहितीसाठी वेगळा परवाना आणला, पण तो ज्या माहितीला लागू केला आहे तिलाच लागतो.

आता गावातलीच उदाहरणं घेतो, कारण घोळ इथंच होतो.

चार हुतात्मा पुतळ्यांचा फोटो मी काढला आणि मुक्त केला, तर कायद्याची अडचण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा आणि इमारतीचा फोटो काढायला मोकळीक देतं. इंद्रभुवन या महापालिकेच्या जुन्या इमारतीचंही तेच. पण शेजारच्या भिंतीवर एखाद्या चित्रकारानं रंगवलेलं चित्र जवळून टिपलं, तर ही सवलत लागत नाही. ती शिल्पांना आहे, रंगचित्रांना नाही. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्यांच्या हयातीतला मूळ फोटो कुणाकडे असेल तर तो भारतात केव्हाच मोकळा झाला, कारण १९५८ पूर्वीच्या फोटोंना जुन्या कायद्यानं निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षांचीच मुदत होती. सभागृहांत टांगलेली तैलचित्रं मात्र नंतरच्या चित्रकारांची आहेत. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्यांवर हक्क राहतो. हुतात्मे सगळ्यांचे म्हणून त्यांचं प्रत्येक चित्र सगळ्यांचं होत नाही.

हत्तरसंग कुडलचा शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याचं नाव घेतलं जातं. लेखावर कसला आलाय कॉपीराइट! पण ती अक्षरं झिजलेली आहेत. समोरून फ्लॅश मारला तर नुसता काळा दगड येतो. एका बाजूनं तिरपा उजेड पाडला तरच खाचा उठून दिसतात. ते कसब छायाचित्रकाराचं, म्हणून त्या फोटोवर हक्कही त्याचा. कागदावरचं जुनं सपाट चित्र नुसतं स्कॅन केलं तर कॉमन्स स्कॅन करणाऱ्याचा वेगळा हक्क मानत नाही, दगडाच्या फोटोत मात्र मानतं. हा फरक मला अगदी न्याय्य वाटतो.

चादरीबद्दलही लोक विचारतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, मग तिचा फोटो टाकता येतो का? मानांकन नावाचं रक्षण करतं, फोटोशी त्याचा संबंध नाही. नक्षीचं म्हणाल, तर नोंदणीयोग्य नक्षी नोंदवलेली नसेल आणि यंत्रावर ५० हून जास्त नग निघाले असतील, तर कलम १५ प्रमाणे तिच्यातला कॉपीराइट संपतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चादरींना हेच लागू होईल.

मध्यंतरी एक तरुण स्टुडिओत आला. त्याचे आजोबा गिरणीत कामाला होते आणि कामगारांच्या नाटकांत भूमिका करायचे. त्यांचा फोटो त्यानं कॉमन्सवर चढवला होता. प्रिंटच्या मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का पाहून कुणीतरी हरकत घेतली. आमच्याकडे निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात ठेवतात आणि पाकिटावर बिल नंबर असतो. वडिलांच्या हातचं बिलबुक काढलं, त्यात आजोबांचं नाव, ‘कॅबिनेट साइज ३ कॉपी’ आणि पैसे मिळाल्याची खूण सापडली. कलम १७ सांगतं की वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे हक्क त्या कुटुंबाचा. वारसांनी तसा ई-मेल परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना पाठवला, सोबत मी बिलाचा फोटो जोडायला दिला. हटवलेली फाइल परत आली, खाली माझ्या वडिलांचं नाव छायाचित्रकार म्हणून लागलं. नियम पाळला की फोटो टिकतो, तोही नावासकट.

याच नावासाठी हे पत्र लिहितो आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मी मुक्त केलेला फोटो एका दैनिकात ‘सौजन्य : इंटरनेट’ म्हणून छापून आला. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच धरलेला ध्वज, मागे गर्दीचे वर केलेले हात. तो क्षण मिळावा म्हणून मी संमती कट्ट्यापाशी सकाळपासून जागा धरून होतो. पैशांची अपेक्षा नव्हती, ती मी परवाना देतानाच सोडली होती. नाव ही मुख्य अट होती आणि तीच पाळली नाही. अट मोडली की परवाना आपोआप संपतो. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवान्याच्या ४.० आवृत्तीत तो पुन्हा लागू होतो. ‘साभार विकिपीडिया’ लिहिणंही पुरेसं नाही, विकिपीडियानं कॅमेरा हातात धरलेला नसतो. ‘छायाचित्र : अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०’ एवढी एक ओळ लागते, आणि फोटो कापला असेल तर ‘कातरलेला’ हा शब्द.

माझे व्यवसायबंधू म्हणतात, फुकट द्यायचं कशाला, दुसरा त्यावर कमावणार. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. मुक्त परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, हे समजूनच त्यांनी तो द्यावा. लग्नाचे, जाहिरातीचे फोटो देऊच नयेत. माणसांच्या खासगीपणाचा प्रश्न तर वेगळाच आहे. पण नान्नजच्या माळरानाचा, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाचा, बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकाचा एखादा चांगला फोटो द्यावा. आपण दिला नाही तर त्या लेखात कुणीतरी धावत्या गाडीतून काढलेला धूसर फोटो राहतो आणि जग सोलापूर तसंच पाहतं.

आपल्याकडे, संपादक महोदय, दोन मागण्या आहेत. आपल्या सर्व आवृत्त्यांत फोटोखाली काढणाऱ्याचं नाव छापावं, मग तो मुक्त परवान्यावरचा असो की आपल्याच छायाचित्रकाराचा. पगारी छायाचित्रकाराचा फोटो वृत्तपत्रात छापण्याचा हक्क मालकाचा असला, तरी करार नसेल तर बाकीचे हक्क कायदा छायाचित्रकाराकडेच ठेवतो. आणि कलम ५७ प्रमाणे हे काम माझं आहे असं म्हणण्याचा त्याचा अधिकार हक्क विकल्यावरही जात नाही.

दुसरी मागणी आपल्या जुन्या दप्तराविषयी. कॉमन्सचे सर्व्हर अमेरिकेत असल्यानं तिथल्या कायद्यानंही फोटो मोकळा असावा लागतो. १९४६ पूर्वी काढलेले आणि त्याच काळात छापून आलेले भारतीय फोटो दोन्हीकडे बसतात. ब्रिटिशांनी १९३० साली सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या दिवसांतले, जुन्या गिरण्यांचे असे काही फोटो आपल्या कपाटात असतील तर तारीख आणि अंकाचा तपशील लावून ते प्रसिद्ध करावेत. स्कॅनिंगचं काम मी माझ्या स्टुडिओत विनामूल्य करून देईन. काचेच्या निगेटिव्हसाठी लागणारा स्कॅनर माझ्याकडे आहे, आणि त्या हाताळायची सवयही.

आपला,
एक स्टुडिओचालक छायाचित्रकार
साखर पेठ, सोलापूर