लीद टाकण्याआधी घेवडा लावा

महोदय,
ब्रिटनमध्ये पालिकेकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर भाजी पिकवणारे तबेल्यातली फुकटची लीद पोत्यांनी आणतात. कुरणावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेले असेल, तर ते घोड्याच्या पोटातून थेट लिदीत उतरते. मग बटाट्या-टोमॅटोचे शेंडे नेच्यासारखे गुंडाळतात आणि बोल लागतो बियाण्याला! आधी कुंडीत निम्मी लीद, निम्मी विकतची माती भरून घेवडा लावा. शेजारी नुसत्या मातीतही लावा. चार आठवडे दोन्हींची पाने सारखीच सरळ राहिली, तरच लीद वापरा. टाकून झालीच असेल, तर माती वारंवार खालीवर करा; जिवाणू हे औषध हळूहळू मोडतात. तोवर तिथे मका लावावा, त्याला ते बाधत नाही.
– एक वाचक, लेस्टर