गाडीलाही मोरी असते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ‘पावसाळ्यापूर्वी वाहनाची काळजी’ अशा धर्तीचा मजकूर येतो. वायपरचं रबर बदला, टायरची नक्षी बघा, ब्रेक तपासून घ्या, बॅटरी पाहा. सगळं बरोबर आहे आणि मी ते नेमाने वाचून तसं करतोही. पण ‘पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतला कचरा काढा’ हे एक वाक्य त्यात कधी वाचल्याचं आठवत नाही. त्या एका वाक्याअभावी गेल्या पावसाळ्यात माझे साडेचार हजार रुपये आणि सहा आठवडे गेले, म्हणून हे पत्र.

माझी गाडी जुलै २००२ ची, पेट्रोलवरची, एमएच ०८. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही. २००९ साली मी ती सेकंड हँड घेतली. पंधरा वर्षं भरली तेव्हा, २०१७ ला, पासिंग करून घेतलं आणि २०२२ ला पुन्हा. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सहाशेची फी पाच हजार झाली होती, तीही भरली. म्हणजे सरकारदरबारी ती २०२७ पर्यंत रस्त्यावर चालायला मोकळी आहे. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे एक वाक्य येणार आहे.

मृगाचा पाऊस लागून आठवडा झाला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. सकाळी काचा आतून धुरकट. देवरूखहून साखरप्याला एका लग्नाला निघालो होतो, तर आमची ही म्हणाली, “अहो, माझ्या पायाखाली पाणी आहे.” मी म्हटलं, छत्रीचं निथळलं असेल. “छत्री मागच्या सीटवर आहे,” ती म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता पाय वर घेऊन बसली. नवी चप्पल होती.

गॅरेजवाल्याने गाडीकडे नीट बघितलंही नाही. “काचेचं बीडिंग गेलंय,” म्हणून काचेच्या कडेने सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळली. बाराशे रुपये. चार दिवसांत पुन्हा पाणी. मग म्हणाला, एसीचा पाइप तुंबलाय. मी म्हटलं, बाबा, जूनपासून एसी लावलेलाच नाही. तरी नऊशे रुपये झाले. तिसऱ्या खेपेला त्याने पत्रा सडू नये म्हणून गाडीला खालून काळं कोटिंग मारायला लावलं, चोवीसशे. त्यानंतर पाणी थांबलं नाहीच, उलट मागचं डावं दार उघडलं की आतून खळखळ आवाज यायला लागला, कोणी कळशी हलवावी तसा. हे दाखवायला गेलो तेव्हा ते वाक्य आलं: “काका, जुनी गाडी आहे, गळायचीच. काढून टाका आता.”

मी ३१ वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. मुलांच्या प्रयोगवह्यांत अनुमान आधी लिहून मग निरीक्षणं जुळवलेली मी हजारो पाहिली आहेत. त्यामुळे राग आला तो पैशांचा कमी आणि या पद्धतीचा जास्त. शिवाय आमचं घर कौलारू. वडील दर वैशाखात शाकारणी करताना सांगायचे, थेंब पडतो तिथं वर बघू नको, वाशाच्या वरच्या अंगाला बघ. कौल फुटलेलं असतं माजघरावर, पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि ठिबकतं देवघरात. गाडीतही हेच. पाय जिथे भिजतात तिथे भोक नसतं.

म्हणून आधी गाडी पडवीत घेतली. डावी सीट काढायला चौदा नंबरचा पाना लागला, चार बोल्ट. कार्पेट उचललं तर वरून नुसतं दमट वाटणारं ते खालून गच्च भिजलेलं. कार्पेटच्या खाली जाड नमदा असतो, तो पाणी पिऊन बसतो आणि वरून कळू देत नाही. पिळला तेव्हा दोन तांबे पाणी निघालं, चहाच्या रंगाचं. त्याच्याखालून वायरिंगचा जुडगा जातो, त्यातल्या एका जोडावर हिरवी पूड साचली होती. पत्र्याला गंजाचे ठिपके होते, पण भोक नव्हतं. नमदा सुकायला टेबलफॅनसमोर तीन दिवस लागले, आणि तेही आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे सुकला असं म्हणायचं.

हे पाणी कुठलं ते आधी ठरवावं लागतं. इंजिनातल्या कूलंटचं असेल तर ते बोटांना बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट पापुद्रा धरतो (चाखून बघू नये, विषारी असतं). एसीचं असेल तर रणरणत्या मे महिन्यातही येतं. माझं फक्त पावसानंतर यायचं आणि हातावर साध्या पाण्यासारखं उतरायचं. एवढं पाहिलं असतं तरी नऊशे रुपये वाचले असते.

मग उघडीप बघून गाडी खळ्यात काढली आणि उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्रं अंथरली. आपल्याच दैनिकाचे अंक होते, राग नसावा. कागदावर थेंब कुठे पहिला पडला ते डागावरून लगेच कळतं. नात आठवीत आहे, तिला टॉर्च आणि खडू देऊन आत बसवलं. बाहेरून मी बागेची नळी धरली. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. नळीच्या तोंडावर अंगठा धरून फवारा मारायचा नाही, पाणी नुसतं वाहतं ठेवायचं. जोराचा फवारा चांगल्या रबरातूनही आत शिरतो आणि मग भलत्याच जागेवर आळ येतो. आणि सुरुवात खालून करायची. आधी उंबरठ्याची पट्टी, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेचा पायथा आणि शेवटी ती काच. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. प्रत्येक जागेला दहा मिनिटं दिली. गॅरेजमध्ये दोन मिनिटं प्रेशरने धुऊन “बघा, थांबलं” म्हणतात, त्यात काही अर्थ नाही.

उंबरठा कोरडा. पुढचं दार कोरडं. त्या बदनाम काचेवर पाणी सोडायची वेळच आली नाही. त्याआधी नळी काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीवर ठेवली. पाच मिनिटं काही नाही, सहा मिनिटं काही नाही. सातव्या मिनिटाला आतून आवाज आला, “आजोबा, आलं!” पाणी डाव्या बाजूने, गाडीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या डब्याखालून, संथ धारेने उतरत होतं. खात्री करायला तांब्यात नीळ कालवून जाळीवर ओतली. थोड्याच वेळात नातीने खिडकीतून रुमाल बाहेर काढून दाखवला, एक कोपरा निळा. तो रुमाल अजून तसाच आहे, डाग जात नाही.

जाळीखाली काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. काचेवरून उतरणारं सगळं पावसाचं पाणी तिथल्या एका पत्र्याच्या पन्हळीत पडतं. पन्हळीच्या दोन्ही टोकांना भोकं असतात, त्यांतून ते मडगार्डच्या आतून जमिनीवर जातं. म्हणजे ती गाडीची मोरीच. त्याच पन्हळीत एका बाजूला उंचवटा करून पंख्याला हवा ओढायचं तोंड ठेवलेलं असतं. मोरी तुंबली की पन्हळ भरते, पाणी उंचवट्यावर चढतं आणि पंख्याच्या तोंडातून थेट डाव्या माणसाच्या पायावर. पन्हळ भरायलाच सात मिनिटं लागली होती. भुरभुर पावसात गाडी कोरडी आणि मुसळधार झाल्यावरच ओली का, तेही मला तेव्हा कळलं.

वायपरचे दोन्ही दांडे काढून जाळी उचलली. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा निम्म्या तुटल्या, त्या तुटतातच. आत जे होतं ते बघून मीच खजील झालो. गाडी बारा महिने हापूसच्या झाडाखाली उभी असते. माघात मोहोर झडतो, त्याचा बारीक चुरा जाळीतून आत जातो, त्यावर धूळ बसते, पहिला पाऊस पडला की त्याचा लगदा होतो. डाव्या भोकाच्या तोंडाशी काळा, ओला, हाताच्या मुठीएवढा गोळा बसला होता, आणि त्यात एक आंब्याचं रोप फुटायचं तेवढं बाकी होतं. गोळा हाताने काढला. आतली वाट वायरिंगवाले पाइपातून ओढतात त्या नायलॉनच्या तारेने हळूहळू मोकळी केली. मग बादली ओतली, तर पाणी पुढच्या चाकामागून भदाभदा खाली आलं. ही उभीच राहिली बघत. “इतके दिवस हे माझ्या पायावर होतं का?” एवढंच म्हणाली.

मागच्या दाराची खळखळ त्या कोटिंगची करणी. दाराच्या काचेला बाहेरून रबराची पट्टी असली तरी थोडं पाणी दारात उतरतंच. ते उतरणार हे धरूनच दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. कोटिंगवाल्याने ती लिंपून टाकली होती. काडीने टोकरली, तर अर्धी बादली पाणी निघालं. दाराच्या आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, दारातलं पाणी आत येऊ नये म्हणून. माझ्या आधीच्या मालकाने स्पीकर बसवताना तो फाडला होता. तो नवा कापून ब्यूटाइलच्या चिकटपट्टीने बसवला. डिकीत स्टेपनीच्या खळग्यातही पाणी होतं, ते मागच्या दिव्याच्या कडक झालेल्या वॉशरातून. तो बदलला, झालं.

सिलिकॉनबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं. ज्या स्वस्त ट्यूबला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तिच्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. वर पुढे कधी खरोखर काच काढून बसवायची झाली, तर सिलिकॉनचा पापुद्रा राहिलेल्या जागी काच चिकटवायचा पॉलियुरेथेनचा डिंक धरत नाही. माझ्या गाडीच्या निर्दोष काचेवरून मी ते ब्लेडने खरवडून काढलं, त्यात एक रविवार गेला. गळती सापडायच्या आधी ट्यूब हातात घेणारा माणूस दिसला की आपली किल्ली परत मागून घ्यावी, असं माझं मत झालं आहे.

दुरुस्तीला मला लागलेला खर्च: चिकटपट्टी, क्लिपा, वॉशर आणि नायलॉनची तार मिळून ६४० रुपये. नीळ घरात होती.

तरण्या पावसात गाडी पडवीत उघडी पडली होती. म्हाताऱ्या पावसात, ऐन धारेत, आम्ही दोघं आंबा घाटाने कोल्हापूरला जाऊन आलो. घाटात समोरचं काही दिसत नव्हतं. हिच्या पायाखाली मी आपल्या दैनिकाचं एक पान ठेवलं होतं, ते घरी आल्यावर तिने वाचलं.

तेव्हा यंदाच्या मे महिन्यातल्या मजकुरात त्या जाळीचं, दारांच्या भोकांचं आणि झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचं तेवढं घालावं, ही विनंती. आमच्याकडे झाडाखाली गाडी न लावणारा शोधावा लागेल.

पत्र छापलंत तर माझं नाव मात्र छापू नये. गॅरेजवाला चार घरं सोडून राहतो, माणूस वाईट नाही, आणि गणपतीआधी क्लचचं काम त्याच्याकडेच टाकायचं आहे.

आपला,
एक वाचक
देवरूख, जि. रत्नागिरी