गोठ्यातल्या फडताळाकडेही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या वेदनाशामकावर बंदी आली की शहरात लोक घरातल्या गोळ्या तपासतात. गोठ्यातल्या फडताळात काय आहे, हे कुणी विचारत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, म्हणून लिहितो आहे.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, ते गिधाडांमुळे. हे इंजेक्शन टोचलेलं जनावर लगेच दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. शवविच्छेदनात यकृतावर चुना फासल्यासारखा युरिक आम्लाचा पांढरा थर दिसतो. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

बंदी आली, तशी पळवाटही निघाली: माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मोठ्या बाटलीतून जनावरांना टोचायचं. माणसाला एका वेळी ३ मिली पुरतं; मग ३० मिलीची बाटली कुणासाठी बनत होती? ती बंद व्हायला २०१५ उजाडलं. तोवर दुसरी औषधं रुळली होती. त्यातल्या अ‍ॅसिक्लोफेनॅकचं गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं! अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झालं, पुढे निमेसुलाइडही.

यात शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे. रात्री गाय दगडीने, म्हणजे कासेच्या सुजेने, तापलेली, कासेला हात लावू देत नाही, दूध निम्म्यावर आलेलं. अशा वेळी दुकानदार काढून देईल तेच टोचलं जातं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही, टोल्फेनॅमिक अ‍ॅसिडही नाही. पण ही नावं त्याला सांगणार कोण? राजपत्र काही गोठ्यात येत नाही.

अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं टाकतात. तिथे टाकायच्या प्रत्येक जनावराला शेवटच्या आठवड्यात कोणतं इंजेक्शन दिलं होतं, हे मालकाला विचारून वहीत लिहिलंच पाहिजे.

अन्न व औषध प्रशासनाने जनावरांच्या औषधांची दुकानं तपासावीत. पशुसंवर्धन विभागाने बंद औषधांची आणि पर्यायांची नावं मराठीत, ठळक अक्षरांत प्रत्येक दूध संकलन केंद्रावर लावावीत. गावोगावच्या दवाखान्यांत मेलॉक्सिकॅमचा साठा बारमाही ठेवावा आणि फडताळातल्या जुन्या बाटल्या तिथेच जमा करून घ्याव्यात.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, नाशिक