घंटेचं वाक्य तेवढं कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'फार लॅप' या ऑस्ट्रेलियात गाजलेल्या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट छापलीत, चांगलं केलंत. पण त्यावर कालच्या अंकात अर्धं पान भरून जी पत्रं आली, ती वाचता वाचता माझा चहा गार झाला. एका ताईंना म्हणे दोन दिवस घास गेला नाही. राजारामपुरीतल्या एका आजोबांनी नातवाला वाचून दाखवताना चष्मा दोनदा पुसला. रडा बापडे, माझी ना नाही.

त्याचं सहा किलोंवरचं काळीज कॅनबेराच्या संग्रहालयात, कातडं मेलबर्नला, सांगाडा न्यूझीलंडला, याची सगळ्यांना हळहळ. त्याच लेखात एक ओळ होती, की १९२९ साली पहिल्या शर्यतीत हा घोडा शेवटचा आला. पुढच्या तीन शर्यतींतही हाती काही नाही. त्या ओळीबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही! पाचव्या खेपेला जिंकला म्हणून तो राहिला, आणि १९३० चा मेलबर्न कप त्यानंतरचा. पाचव्यांदाही मागं पडला असता तर कुठं गेला असता, ते मला विचारा. तसला एक आमच्या दारात बांधलेला होता.

वडील टांगा चालवायचे. १९६४-६५ च्या सुमारास पुण्याच्या रेसमधून काढलेला एक घोडा दलालामार्फत त्यांच्याकडं आला. पाय नुसत्या काठ्या. तोबरा झटकून अर्धे हरभरे खाली सांडायचा आणि आम्ही पोरं ते वेचून खायचो. पहिले पंधरा दिवस वडील सवारी न घेताच पहाटे रंकाळ्याला चक्कर मारून यायचे. म्हणायचे, "ह्येला चालाय शिकवायला लागतंय, पळाय न्हाई."

खरी पंचाईत स्टेशनवर. गाडी सुटायची घंटा झाली की हा उभ्या जागी बदलायचा. कान पुढं, मागचे पाय आत घेतलेले, अंगाला बारीक कापरं. एकदा जोतिबाहून आलेली मंडळी मिरजेच्या गाडीसाठी टांग्यातून उतरत होती. म्हातारीचा एक पाय पायरीवर, एक खाली, तेवढ्यात घंटा झाली. टांगा थेट शाहूपुरीत जाऊन थांबला. गुलालाची पुडी फुटून घोड्याची पाठ, गादी, वडिलांचा पटका, सगळं गुलाबी. म्हातारीला खरचटलं आणि गाडीही चुकली. वडिलांनी तिकिटाचे पैसे भरून दिले. त्या दिवसापासून घंटेची वेळ झाली की ते खाली उतरून त्याचे दोन्ही कान हातांनी झाकून उभे राहायचे. बाकीचे टांगेवाले खो खो हसायचे. दीड वर्षानं गुडघा सुजला आणि एका वरातवाल्याला तो देऊन टाकावा लागला. तिथं तर कानाशी बँड. पुढं त्याचं काय झालं ते वडिलांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शर्यतींवर सरसकट बंदी मागणाऱ्या पत्रलेखकाला एकच विचारतो. दिवाळीच्या पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलमागं म्हशी पळतात, तेव्हा आपण घरात दार लावून बसता का? बैलगाड्यांवर २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. दोन्ही वेळा ठणकावून पत्रं लिहिणारे तेच लोक होते, अशी मला दाट शंका आहे.

आणखी एक. सेक्रेटरिएट या अमेरिकेतल्या शर्यतीच्या घोड्याचं काळीज २२ पौंड 'भरलं' असं एका वाचकानं लिहिलंय. ते कुणी तराजूत घातलंच नव्हतं. १९८९ मध्ये तो गेला तेव्हा डॉक्टरांनी केलेला तो अंदाज. ज्यानं १९७३ मध्ये बेलमाँटची शर्यत ३१ लेंग्थनी, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं मारली, त्याला आणखी फुगवायची गरज काय? आणि फार लॅप तांबड्या रंगाचा होता. तुम्ही छापलेला घोडा पांढरा आहे. चित्र लावणाऱ्यानं लेख वाचला नसावा. त्याला तरी अश्रू अनावर झालेले दिसत नाहीत.

जाता जाता, वाचकांची पत्रं हल्ली क्लासच्या जाहिरातीखाली इतक्या बारीक अक्षरात येतात की भिंग घेऊन बसावं लागतं.

आमच्या घोड्याची हकीकत मी गेल्या वर्षीही पाठवली होती. दोन पानी पत्राचं तुम्ही एका ओळीत छापलंत, 'मुक्या प्राण्यांवर दया करावी.' मी असं काही म्हटलेलंच नव्हतं. यंदा जागा कमी पडली तर म्हशी काढा, सेक्रेटरिएट काढा, जाहिरातीची तक्रार तर तुम्ही काढणारच. वडील कान झाकून उभे राहायचे, ते वाक्य मात्र राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर