हापसा आणि हजेरीपट

मंगळवेढा
रविवार, सकाळ

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या युगांडातल्या शाळेतला हापसा नोव्हेंबरपासून बंद, पोरं पिवळे जेरीकॅन घेऊन दलदलीकडच्या खड्ड्यावर जातात, संस्था आता नवीन बोअर मारायला पैसे उभे करणार आहे, अण्णा तुम्हीही चार लोकांना विचारा, असं सगळं तू एका दमात सांगितलंस. मग फोटो आला. तीन पायांचा स्टँड, त्यावर पाण्याची टाकी, पुढे वाकलेली तोटी, वर लोखंडी पेटी आणि मागे लांब दांडा. आई म्हणाली, एवढं काय बघताय त्यात? मी म्हटलं, अगं, पोरगी समुद्रापलीकडे जाऊन आपल्याच हापशापाशी उभी राहिलीय.

ते खरं आहे, ताई. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, पण तो इंडिया मार्क टू आहे आणि त्याचं मूळ आपल्या सोलापुरात आहे. झेडपीत तीस वर्षं मी हेच हापसे उघडले आणि घरी कधी त्याची गोष्ट सांगितली नाही. आता सांगतो.

आपल्याकडे काळ्या पाषाणात बोअर मारणारी यंत्रं आली 1960च्या दशकाच्या शेवटी. भोक पाडायची सोय झाली, पण वर बसवायला जे हातपंप होते ते बिडाचे होते, एका घराने अंगणात वापरावेत असे. त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत दांडा खाली-वर. महिना-दोन महिन्यांत खिळी झिजायच्या, दांडा मोडायचा. मग जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला, त्याला जालना पंप म्हणायचे. त्यानंतर सोलापूर पंप आला. त्यात दांड्याला एकच खीळ, आणि खालचा रॉड सायकलच्या चेनसारख्या साखळीला टांगलेला. दांडा कसाही हलवा, रॉड सरळच वर-खाली जातो. एवढीच युक्ती, पण तिच्यामुळे हापसा वर्षानुवर्षं टिकायला लागला. 1974च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा गावोगावचे बहुतेक पंप बंदच निघाले. मग सरकारने आणि युनिसेफने हाच सोलापूर पंप पायाला धरून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात नवा पंप तयार करवला. तो मार्क टू. पुढे लाखांनी बनले आणि तुझ्या सोरोटीपर्यंत पोचले.

आता आत्याबद्दल. तुला ती कडक वाटते, हे मला माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो, ती अकराची. विहिरी आटल्या. माझे आई-आबा खडी फोडायच्या कामावर जायचे, तिथे सुकडी मिळायची, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. पाण्याची जबाबदारी आत्यावर आली. घागर घेऊन ती रात्रीच नंबर लावायला जायची आणि तिथेच मातीत झोपायची. कारण उठून गेलं की नंबर गेला. चौथीत तिचा पहिला नंबर होता. पाचवीला नाव घातलं आणि दिवाळीनंतर ती शाळेत गेलीच नाही. कोणी शाळा सोड म्हणून सांगितलं नव्हतं. आज पाणी, उद्या पाणी, असं करता करता तिची शाळा संपली. मला मात्र रोज शाळेत पाठवलं. तिने आणलेल्या पाण्याने तोंड धुऊन मी जायचो. हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही, तुझ्या आईपाशीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी गावात बोअर झाला. पहिलं पाणी गढूळ आलं, तरी बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. चार महिन्यांत दांडा मोडला. मग तो हापसा किती तरी दिवस नुसता उभा होता. आम्ही पोरं त्यावर चढून बसायचो.

आणि एक गोष्ट मला नंतर वाचून कळली. बहात्तरच्याच ऑगस्टमध्ये, आमच्याकडे पेरलेलं वाळत होतं तेव्हा, तू आहेस त्या देशात इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत निघून जायला सांगितलं होतं. तेव्हा आपल्या देशातून गेलेल्यांना तिथून हाकललं, आणि आज तिथली माणसं तुला आपल्या घरात भाकर वाढतात. ही त्यांची थोरवी आहे, ती विसरू नकोस. तू कळवलंस की ते नाचणी आणि ज्वारीच्या पिठाचं अताप करतात, बैलांनी नांगरतात, आणि भेटलं की ‘योगा’ म्हणतात. आई तर ‘योगा’वर खूश आहे. ज्वारी आणि नाचणी मूळच्या आफ्रिकेतल्याच, हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आल्या. मालदांडी ज्वारीचा आपल्याला एवढा अभिमान, तिचं माहेर तिकडे आहे. तेव्हा आपण काही द्यायला गेलोय असं मनात आलं तर हे आठव.

आता मुद्द्याचं. नवीन बोअरची घाई करू नका. हा हापसा मेलेला नसेल. मला फोटोवरून पोटातलं कळत नाही, पण तू चार गोष्टी करून बघ. दांडा हलका जातो का? अगदी वाऱ्यासारखा हलका जात असेल तर रॉड तुटला किंवा जोडातून सुटला. जड जातो पण पाणी येत नाही, तर पाइपला भोक असेल किंवा पाणी ओढणाऱ्या दट्ट्यावरचा वायसर झिजला असेल. पेटीचं झाकण उघडायला लाव, आत साखळी शाबूत आहे का, कोरडी गंजलेली आहे का, ते बघ. तिला महिन्याला ग्रीस लागतं आणि ते सगळ्यात स्वस्त काम कोणी करत नाही. चौथं, आणि हे बायकांना विचार, हापशाच्या कमिटीच्या अध्यक्षांना नको: बंद पडायच्या आधी सकाळचं पहिलं पाणी लाल यायचं का? थोडं उपसल्यावर निवळ व्हायचं का? तसं असेल तर लोखंडी पाइप आतून सडलेत. तिकडे बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी आंबट असतं, ते गॅल्व्हनाइज पाइप खातं. त्या पाण्याने कपड्यांवर डाग पडतात, चहा काळा होतो, आणि बायका मुकाट्याने पुन्हा खड्ड्यावर जातात. लोकांना स्वच्छतेचं महत्त्व कळत नाही, असा मग अहवाल जातो. त्यांना सगळं कळतं. तसं निघालं तर वायसर बदलून काही उपयोग नाही, पाइपच प्लास्टिकचे किंवा स्टेनलेसचे घालावे लागतील. आणि दिवसभर उपसूनही लालच येत असेल तर लोह जमिनीतलंच आहे, तिथे पाइप बदलूनही भागणार नाही.

मार्क टूचा एक दोष मी मान्य करतो. वायसर बदलायचा म्हटलं तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. 30 मीटर खोल असेल तर तीन-तीन मीटरचे दहा पाइप, तिपाई, क्लॅम्प, चार-पाच गडी. मार्क थ्री, म्हणजे तिकडचा यू-थ्री, त्यात पाइप न काढता नुसता दट्ट्या वर येतो. बायकांनासुद्धा ते जमतं. राजस्थानात तिलोनियाला बायकांनी हापसे दुरुस्त केलेले आहेत, यात नवल नाही. तुमचा कोणता आहे, ते तिथल्या मेकॅनिकला विचार. मेकॅनिक आहेच, ताई. युगांडात जिल्ह्याजिल्ह्यात हातपंप मेकॅनिकांच्या संघटना आहेत. तू सगळ्यात आधी त्याच्याकडे जायला हवं होतं. तुझी चूक नाही, संस्थेच्या माणसांनाही ते सुचलं नाही, कारण नवीन बोअरवर पाटी लागते आणि वायसरवर लागत नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. 2009 साली आफ्रिकेतल्या 20 देशांचे आकडे एकत्र केले तेव्हा सरासरी 36 टक्के हातपंप बंद निघाले होते. प्रत्येकावर कोणी ना कोणी नारळ फोडलेला असणार, टाळ्या वाजवलेल्या असणार.

माझ्याकडूनही हे झालंय. तू बालवाडीत होतीस तेव्हाची गोष्ट. एका वस्तीवरच्या शाळेचा हापसा बंद असल्याची चिठ्ठी आली. स्टोअरला वायसर नव्हता. मी मागणी लावली आणि दुसऱ्या कामाला लागलो. बावीस दिवसांनी गेलो. अर्ध्या तासात पाइप निघाले, चामड्याचा तो वायसर माझ्या हातात आला, तळहाताएवढा, कडेने फाटलेला. गुरुजी बाहेर आले, काही बोलले नाहीत, फक्त हजेरीपट समोर धरला. पाचवी ते सातवीच्या मुलींच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरीच्या खुणा. मुलांच्या पुढे नाहीत. मी ती पानं बघितली आणि मला आत्या दिसली. त्या दिवसापासून पाच वायसर माझ्या पिशवीत कायम असायचे, स्टोअरला असोत वा नसोत. पण त्या बावीस दिवसांतल्या किती मुली परत वर्गात आल्या, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

म्हणून तुला सांगतो, तुझं खरं काम हजेरीपटात आहे. युगांडाने 1997 साली प्राथमिक शाळेची फी माफ केली तेव्हा एका वर्षात पटावरची मुलं सुमारे 31 लाखांवरून 53 लाखांवर गेली. एवढी भूक होती शिकायची. तुझ्या वर्गात नव्वद पोरं आहेत त्याचं मूळ तिथे आहे. पण पटावर असणं आणि वर्गात असणं यात एक घागर असते. नोव्हेंबरच्या आधीचा पट आणि आत्ताचा पट शेजारी ठेव. मोठ्या मुलींची हजेरी वेगळी काढ. आई सांगते म्हणून लिहितो, मुलींच्या संडासात पाणी आहे का आणि दाराला आतून कडी आहे का, तेही बघ. त्या चार दिवसांत मुली का येत नाहीत हे त्या तुला सांगतील, हेडमास्तरांना सांगणार नाहीत. हे कागद कमिटीपुढे ठेव. भाषण करू नकोस, नुसते ठेव.

कमिटीबद्दल एक. पैसे दर महिन्याला मागितले तर मिळत नाहीत, हा माझा आपल्याकडचा अनुभव आहे. शेतकऱ्याच्या हातात पैसा सुगीला येतो, तेव्हा वर्षाचे एकदम घ्या. आणि बैठक आत्ताच घ्या. आता मार्च चाललाय, तिकडचा पाऊस तोंडावर आला. एकदा पावसाचं पाणी जागोजाग साचलं की हापसा कोणाला आठवत नाही, पुढच्या डिसेंबरपर्यंत.

पैशांचं म्हणशील तर मी आमच्या जुन्या लोकांना विचारलं. विंधण विहीर पथकातले आम्ही सात जण अजून आहोत. कोणी हजार, कोणी पाच हजार, असे अठरा हजार जमले. एकाने पेन्शन झाल्याबरोबर दिले. हा पैसा पाटीसाठी नाही, एवढी आमची अट आहे. वायसर, साखळी, ग्रीस, लागले तर पाइप, मेकॅनिकची मजुरी, आणि गावातल्या दोघी-तिघींना पेटी उघडून साखळीला ग्रीस लावायला शिकवायचं, यासाठी वापरा. त्या बायकांना पान्हा त्यांच्या हातात द्या, शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका.

खरं तर मी इथून सुटे भाग पाठवणार होतो. सोलापुरातून दोन डझन वायसर आणि एक साखळी आणलीसुद्धा, पिशवी बांधली. मग रात्री विचार केला आणि सोडली. माझे वायसर संपले की पुढचे कोण देणार? तिकडच्या बाजारात जो दुकानदार हे ठेवतो त्याच्याकडूनच घ्या, पावती कमिटीच्या नावाने करा. त्याचं दुकान चाललं तर हापसा चालेल. ती पिशवी आता आपल्या कोठीत आहे.

आत्याला तुझा फोटो दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ बघितला. हापशाकडे नाही, मागे आंब्याखाली पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या पोरीकडे. मग म्हणाली, हिला पाणी आणायला कोण पाठवतं विचार तिला. एवढंच म्हणाली. तू आलीस की तिच्याजवळ बस थोडी.

आई शेंगाची चटणी पाठवायची म्हणत होती, पण तिकडे शेंगा मुबलक आहेत आणि उखळही आहे असं तूच सांगितलंस. लसूण आणि लाल तिखट मिळालं तर तिथल्या बायकांना करून दाखव. पाणी उकळून पी. मोटारसायकलवर मागे बसतेस तेव्हा हेल्मेट घालत जा.

हापसा दुरुस्त झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून जा. नव्या हापशाला 40 दांड्यांत 15 लिटर पाणी यावं असा नियम आहे, म्हणजे तुमचा 20 लिटरचा जेरीकॅन पन्नास-पंचावन्न दांड्यांत भरला पाहिजे. आणि रात्रभर थांबलेल्या हापशाला पहिलं पाणी कितव्या दांड्याला येतं ते मोजून मला कळव. पाचाच्या आत आलं तर खालची झडप चांगली बसली असं समजायचं. जास्त लागले तर लगेच फोन कर, मग मेकॅनिक गावातून निघायच्या आत त्याच्याशी मला बोलायला दे.

तुझे,
अण्णा