मीठ, गूळ आणि घरोघरी फिरणाऱ्या बायका

संपादक साहेब, नमस्कार.

विकास म्हटलं की आपल्याकडे लगेच मेट्रो न् एक्स्प्रेसवेच डोळ्यापुढे येतात, पण शेजारच्या बांगलादेशाने काय केलं ते जरा बघा. 1971 ला तिथून आलेल्या निर्वासितांच्या, आपल्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज न् खायचा सोडा पाण्यात मिसळून लोकांना प्यायला दिलं आणि तिथला मृत्यूदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आला. कल्पना ग्रेटच, पण ती घराघरात पोचवणं खरं अवघड होतं, ते 1980 ते 1990 या काळात बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या बायकांनी केलं, एक कोटीहून जास्त घरी जाऊन आयांना शिकवलं की जुलाब झाले की द्यायचं पाणी कसं करायचं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आणि या बायकांचा पगार कशावर, तर नंतर तपासणीला माणूस आला की त्या आईला किती लक्षात राहिलंय यावर! आपल्याकडे शिबिरं किती झाली तेवढंच मोजतात, लोकांना समजलं का हे कोण विचारतं?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवलेत. आज तेच काम आशाताई करतात, आणि त्यांना मानधनासाठी आंदोलनं करावी लागतात, हे फार वाईट आहे. सरकारने त्यांना कायम करून ठरलेला पगार वेळेवर द्यावा.

- एक वाचक, सातारा