दिवाळीच्या डब्याबद्दल, क्योतोहून

क्योतो, रविवार रात्र

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ओमचा व्हॉइस मेसेज ऐकला. ‘आत्या, तिकडे स्विच टू स्वस्त मिळतो, दिवाळीला येताना आण.’ स्विच टू म्हणजे निन्टेन्डो या इथल्या कंपनीचा गेम खेळायचा डबा. पोरगं खरं बोलतंय, पण गोम तिथेच आहे. २०२५ च्या जूनमध्ये तो डबा बाजारात आला तेव्हा निन्टेन्डोने जपानात त्याचे दोन प्रकार काढले: एक ४९,९८० येनचा, दुसरा ६९,९८० चा. यंत्र तेच, पण स्वस्तातलं फक्त जपानी बोलतं आणि निन्टेन्डोचं ऑनलाइन खातंही जपानचंच मागतं. येन घसरलेला; किंमत जगाएवढी लावली तर घरचं गिऱ्हाईक जाणार, कमी लावली तर बाहेरचे पोती भरून नेणार. म्हणून ही भाषेची कडी. ओमची अजून मराठी जोडाक्षरं अडतात, जपानी कान्जी अक्षरं कुठून वाचणार!

गेल्या महिन्यात इथून जवळच्या उजी गावाला जाऊन आले. निन्टेन्डोच्या जुन्या कारखान्यात २०२४ मध्ये म्युझियम उघडलंय, तिकिटाची सोडत निघते. कंपनी १८८९ ची, तेव्हा धंदा खेळायच्या पत्त्यांचा. एका कपाटात १९८३ चा लाल-पांढरा फॅमिकॉम, त्यांचा टीव्हीला जोडायचा जुना डबा, दिसला आणि मी तिथेच थबकले. बाबांनी इंदूरच्या जेल रोडवरून आणला होता तो डबा आठवतो? त्याची नक्कल होती ती. पिवळी कॅसेट, वर ‘९९९९९९९ इन १’, आत मोजून सात-आठ गेम. चालली नाही की तू फुंकर मारायचास, आणि नेमकी लाईट जायची. तिथे दोघांनी मिळून धरायचा एक अवाढव्य कंट्रोलर आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीने दिशा सांभाळल्या, मी उडीचं बटण. पहिल्याच खड्ड्यात मारिओ गेला. कपाटांच्या दालनात फोटो काढू देत नाहीत, नाहीतर त्या फॅमिकॉमचा पाठवला असता.

या धंद्यातली भांडणं आपल्याकडच्या सोयरिकींसारखी. निन्टेन्डोच्या पुढच्या डब्यासाठी, सुपर फॅमिकॉमसाठी, सोनी सीडीचं यंत्र बनवणार असं ठरलेलं. १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी निन्टेन्डोने हॉलंडच्या फिलिप्सशी सूत जुळवल्याचं सांगून टाकलं. भर मांडवातला अपमान! सोनीचे इंजिनियर कुतारागी यांनी तो गिळला नाही; १९९४ च्या डिसेंबरात सोनीचं स्वतःचं प्लेस्टेशन बाजारात आलं. त्याचा पुढचा अवतार १६ कोटींच्या आसपास खपला. मधल्यामध्ये चेंगरली सेगा, ही तिसरी जपानी गेमकंपनी. २००१ मध्ये तिने यंत्र बनवणंच सोडलं, आणि तिच्या गेमचा हिरो सोनिक निन्टेन्डोच्याच डब्यात पळू लागला.

बरं, जिंकलेलाही निवांत नसतो. निन्टेन्डोचा ‘वी’ नावाचा डबा १० कोटींवर खपला, पुढचा ‘वी यू’ दीड कोटीही नाही. नावातला एक ‘यू’ वाढवून गिऱ्हाईक गोंधळवलं, असं माझं मत.

तुला हिशोब लगेच कळेल, कारण तुझ्या दुकानात प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग. मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात सांगितलं, एक्सबॉक्सच्या यंत्रावर आम्ही कधीच नफा कमावला नाही. कमाई गेमची. दुसऱ्याने बनवलेला गेम त्यांच्या ऑनलाइन दुकानात विकला गेला तरी त्यात साधारण ३० टक्के यांचे. डबा घरात शिरला की पुढची पाच-सहा वर्षं तुझं पाकीट त्यांच्या ताब्यात. म्हणून तर एकेका घरासाठी एवढी मारामारी.

तेव्हा ओमला यंत्राचं नाव विचारू नकोस. रामबागेतल्या त्याच्या दोस्तांकडे काय आहे ते विचार. सगळ्यांकडे प्लेस्टेशन असेल तर हा एकटा मारिओ घेऊन बसेल आणि महिन्याभरात डब्यावर वहिनी इस्त्रीचे कपडे ठेवेल. स्विचच हवा असेल तर मी महागातला, सगळ्या भाषांचा आणते; वरचे पैसे माझ्याकडून. गेम मात्र वर्षाला दोनच, हे आत्ताच कबूल करून घे.

मी २ तारखेला पोचतेय. आईला सांग, पोह्यांवरचा जीरावण मसाला संपलाय, इथल्या पोह्यांना चवच नाही. आणि लहानपणी तू मला कायम दुसरा कंट्रोलर दिलास, या खेपेला पहिला माझा.

तुझी,
मनू